हद्दीतलं रान

मावळ तालुक्यात मोकळं म्हणावं असं रान आता थोडं उरलं आहे. द्रुतगती महामार्ग, लोहमार्ग, टाटांचे तलाव, पवनेचं धरण, आणि जिथं डोंगराचा उतार घर बांधण्याइतका सोपा आहे तिथं बंगल्यांचे प्लॉट. या गर्दीत काही जमिनी वाचल्या, कारण त्यांच्याभोवती तारेचं कुंपण आहे आणि फाटकावर संतरी उभा आहे. भुशी धरणाच्या पुढं आयएनएस शिवाजी आहे. 1945 च्या फेब्रुवारीपासून नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ तिथं शिकतात. तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दल, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन, आणि तालुक्याच्या पूर्वेच्या वेशीवर देहूरोडचं कॅन्टोन्मेंट आणि दारूगोळ्याचा डेपो. देशभरात संरक्षण खात्याकडं सुमारे 18 लाख एकर जमीन आहे आणि तिच्यातली बरीच मोठी जमीन कॅन्टोन्मेंटच्या बाहेर, रेंज, डेपो आणि प्रशिक्षणाच्या मैदानांची आहे. तिथं काय उगवतं, काय वितं, काय नाहीसं होतं याची सर्वांना वाचता येईल अशी नोंद क्वचितच सापडते.

अशा जमिनीवर वन्यजीव अभ्यासकानं काम करावं का, आणि कुणासाठी, या प्रश्नावर दोन माणसांचा हा संवाद आहे. ताई वन्यजीव अभ्यासक आहे. लष्करी हद्दीतले पक्षी, सस्तन प्राणी आणि बेडूक हा तिचा विषय. दुसरे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी भातशेती करणारे. आमच्याकडं निवृत्त जवानाला हुद्दा न विचारता मेजर म्हणतात, म्हणून ते मेजर. दोघांची नावं, त्यांचं गाव आणि तिच्या कामाची हद्द मी सांगत नाही. मांडणी माझी आहे, भांडण मावळातलं आहे.

मेजर : ताई, सरळ विचारतो, राग मानू नका. देशानं ती जमीन ठेवलीय कशाला? पोरांना लढायला शिकवायला. तिथं तुम्ही बेडूक मोजणार. उद्या पोरगं रेंजवर पोटावर पडून निशाण धरतंय, आणि कुणीतरी येऊन म्हणणार, थांबा, पुढं टिटवीची अंडी आहेत. चालेल असं?

ताई : नाही चालणार, आणि मी ते मागतही नाही. टिटवी उघड्या खडीवरच अंडी घालते. तिला रेंज आवडते ती त्यामुळंच. तिथं गवत आखूड असतं, माणूस ठरावीक वेळीच येतो आणि गुरं येतच नाहीत. वेळापत्रक सरावाचं, त्याच्या फटीत माझं काम. लाल झेंडा लागला की मी बाहेर. मी इतकंच म्हणते, की अंडी कुठल्या महिन्यात असतात हे मला ठाऊक असेल तर रोलर फिरवायचं काम पंधरा दिवस मागंपुढं करता येतं. फायरिंग थांबवायला कोण सांगतंय?

मेजर : आणि तुमचे ते कॅमेरे? रात्री आपोआप फोटो काढणारे? आमच्या वेळी कुणी झाडाला असला डबा बांधलेला दिसला असता तर आधी बॉम्ब निकामी करणारं पथक आलं असतं.

ताई : त्याची रीत असते, मेजर. कॅमेरा कुठं लावला हे सुरक्षा अधिकाऱ्याच्या वहीत लिहायचं. कार्ड काढलं की आधी त्यांनी बघायचं. माणूस, गाडी, इमारत असलेला फोटो तिथंच पुसायचा. उरलेलं माझं. फोन फाटकावर जमा, ड्रोनचा विषयच नको. सोबत एक जवान. नोंद कागदी वहीत, पेन्सिलीनं, कारण मावळातल्या पावसात शाई टिकत नाही. निबंध लिहिला तर छापण्याआधी परवानगी घ्यायची. नकाशात नेमका ठिपका द्यायचा नाही, मोठा चौकोन द्यायचा. या सगळ्यानं काम हळू होतं. पण होतं.

मेजर : सोबतचा जवान काय म्हणतो?

ताई : पहिल्या आठवड्यात कंटाळतो. नंतर माझ्या आधी त्याला दिसतं. पहाऱ्यावर उभं राहून ज्याची नजर तयार झालीय, त्याच्याइतका चांगला सहायक मला कुठल्या विद्यापीठातून मिळणार नाही. पाऊलवाट कुठं मोडलीय, गवत कुठं दबलंय, हे तो न शिकवता सांगतो. भेकर भुंकलं तर कुणाला बघून भुंकलं असेल, याचा तो अंदाज बांधतो.

मेजरांना हे पटलं. माग काढणं त्यांच्या धंद्यातलं. पण त्यांचा खरा आक्षेप बेडकांबद्दल नव्हता, हे पुढं कळतं.

मेजर : बरं, तुमची शिस्त मान्य. आता माझं ऐका. तुम्ही म्हणता कुंपणामुळं रान राखलं गेलं. कुंपण पडलं तेव्हा आत काय होतं? आमच्या आज्याची पिढी तिथं ढोरं चारायची. हिरडा गोळा करायची. कारवीच्या काठ्या आणून घराचा कूड उभा करायची. ठाकर आणि कातकरी कंद काढायला, मुठे धरायला जायचे. ते रान रिकामं नव्हतं, ताई. लोक बाहेर काढले आणि मग तुम्ही आत गेलात आणि म्हणालात, किती छान, इथं कुणी नाही.

ताई : हे खरं आहे. यावर माझ्याकडं तयार उत्तर नाही.

मेजर : मी स्वतः फौजेत होतो म्हणून सांगतो. सरावाला जमीन लागते, वाद नाही. 1938 चा कायदाच आहे, फील्ड फायरिंग आणि तोफखान्याच्या सरावाचा. त्यात नुकसानभरपाई लिहिलीय. पण भरपाई पिकाची मिळते. आजीला ठाऊक असलेल्या कंदाच्या जागेची भरपाई कुठल्या कलमात बसते? नगरकडं केके रेंज आहे, खारे कर्जुने गावाच्या नावाची. रेंज वाढणार अशी नुसती बातमी आली तरी राहुरी-पारनेरच्या गावांची झोप उडते. देहूरोडच्या डेपोभोवती रेड झोन आहे, तिथं माणसाला स्वतःच्या जमिनीवर घर बांधता येत नाही. तुम्ही म्हणाल, बरं झालं, हिरवळ राहिली. तसं बोलायला तुम्हाला त्या जमिनीवर कर्ज फेडायचं नसतं.

ताई : रेड झोनमधल्या कुटुंबाला मी कधी बरं झालं म्हणणार नाही. पण मेजर, भुशीला रविवारी जाऊन बघा. धरणाच्या पायऱ्यांवर, ओढ्यात, रस्त्याच्या कडेला काय असतं? बाटल्या, प्लास्टिक, भज्यांच्या पेपर प्लेटी, गाण्यांचे भोंगे. त्याच डोंगराच्या कुंपणाआडच्या उताराला कारवी सात वर्षांची मुदत पुरी करून फुलते, कुणी तोडत नाही. पावसात कातळाच्या सड्यावर मलबार चंडोल गातो. दोन्हीकडं पाऊस तेवढाच पडतो, खडकही तोच. मधे फक्त कुंपण. ते नसतं तर तुमच्या आज्याचं चराऊ रान परत मिळालं असतं, असं वाटतं तुम्हाला? तिथं रिसॉर्ट झालं असतं.

मेजर काही क्षण बोलले नाहीत. मावळात गेल्या तीस वर्षांत जमीन कुणाकडून कुणाकडं गेली, हे त्यांना ताईपेक्षा जास्त ठाऊक आहे.

इथं मी मधे बोलतो. लोणावळा-खंडाळ्याच्या झाडझाडोऱ्याबद्दल आपण फार नशीबवान आहोत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षं पायाखाली घातले आणि तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध केला. पुढं ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. आज कुणी त्या डोंगरावर गेलं तर सत्तर वर्षांत काय गेलं, काय आलं हे ताडून बघता येतं, कारण त्यांनी लिहून ठेवलं. कुंपणाआडच्या उतारांना असा सांतापाऊ मिळाला तर पुढच्या पिढीलाही तिथं ताडून बघण्यासारखं काही असेल. ताईच्या कामाचा मोठेपणा मला इथं दिसतो. बिबट्याच्या फोटोला टाळ्या मिळतात. कुठल्या ओढ्यात कुठला बेडूक कुठल्या आठवड्यात ओरडू लागला, ही कंटाळवाणी नोंद पन्नास वर्षांनी सोन्याची ठरते.

मेजर : परदेशात म्हणे हे सगळं नीट चालतं. तिथं लष्कराच्या तळावर तुमच्यासारखे पगारी असतात.

ताई : अमेरिकेत असतात. 1960 मध्ये त्यांनी साइक्स अ‍ॅक्ट केला, 1997 मध्ये तो कडक केला. ज्या तळावर जपण्यासारखं काही आहे त्याला वन्यजीव खात्यांसोबत बसून लेखी आराखडा करावाच लागतो. उत्तर कॅरोलिनात फोर्ट ब्रॅग नावाचा मोठा तळ आहे. तिथं लांब सुयांच्या पाइन वृक्षांचं जंगल आहे आणि त्यात एक सुतार पक्षी राहतो, जिवंत जुन्या पाइनमध्येच ढोली कोरणारा. 1990 च्या सुमारास त्याच्या झाडांभोवती सरावावर बंधनं आली. सैनिक चिडले, तुम्ही आता चिडलात तसेच.

मेजर : चिडणारच.

ताई : मग जीवशास्त्रज्ञ आणि सैनिक एकत्र बसले. तोफगोळ्यांच्या ठिणग्यांनी लागणारी जमिनीलगतची आग या जंगलाला हवीच असते, हे ध्यानात आलं. ती खालचं झुडूप जाळते आणि मोठा पाइन तगतो. त्यांनी ठरवून आगी लावल्या, झाडांत कृत्रिम ढोल्या बसवल्या. 2006 मध्ये त्या भागातल्या पक्ष्यांचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि सरावावरची बंधनं सैल झाली. त्याच तळावर एक लहान तपकिरी फुलपाखरू आहे, 1989 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. जगात ते तिथंच सापडतं, आणि तोफगोळे पडतात त्या भागातही.

मेजर : आग चांगली? आमच्याकडं वणवा म्हणजे सत्यानाश. एप्रिलमध्ये डोंगर पेटला की रात्र रात्र झोडपायला जातो आम्ही. तुम्ही त्यांचं बघून इथं काड्या लावायला सांगणार?

ताई : अजिबात नाही. त्यांचा पाइन आगीसोबत वाढलेला आहे. आपल्या घळीतलं सदाहरित रान आगीनं मागं हटतं आणि एकदा हटलं की तिथं गवत बसतं. शेकरूला झाडावरून झाडावर उडी मारायला फांद्यांचं छत अखंड लागतं. आगीनं छत तुटलं की त्याचा रस्ताच बंद. म्हणून इथं मी उलटं सांगते. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढा, फायरिंग बटच्या, म्हणजे निशाणामागच्या मातीच्या बांधाच्या, मागचं गवत कापून घ्या, उन्हाळ्यात ट्रेसर, म्हणजे पेटत जाणारी गोळी, वापरायचा दिवस वारा बघून ठरवा. परदेशातून त्यांची युक्ती आणायची नसते. लेखी आराखडा करायची सवय आणायची.

मेजर : गवत कापायचं? आता आलात मुद्द्यावर. ते कापायला गावाला बोलवा.

ताई : त्याबद्दल मला शंका आहे.

मेजर : का?

ताई : एका गावाला बोलावलं की दुसरं येतं, मग ठेकेदार येतो. कापणी पावसाच्या तोंडाशी सरकली तर जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्यात जातात. आणि तुम्हीच सांगा, रेंजवर ब्लाइंड पडलेले असतात.

मेजर : पडलेले असतात. न फुटलेला गोळा गवतात दिसत नाही. भंगार विकायला गोळे उचलणाऱ्या माणसांचे हातपाय, जीव गेलेत. म्हणून गोळे पडतात त्या इम्पॅक्ट एरियात कुणाला पाठवा असं मी म्हणणार नाही. पण सगळी हद्द काही इम्पॅक्ट एरिया नसते. बाकीच्या उतारावर ओळखपत्र दिलेली ठरावीक घरं, ठरावीक आठवडा, सोबत जवान. जसं तुम्हाला आत घेतलं तसंच. तुम्हाला पेन्सिल घेऊन जाता येतं तर माझ्या भावजयीला विळा घेऊन का नाही?

या प्रश्नाला ताईनं लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं या संवादातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

पुढं बोलणं लष्करी हद्दीतल्या रोजच्या कामावर आलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, तिथला वन्यजीव अभ्यासक बिबट्याच्या मागावर असतो. ताईचा बराच वेळ लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, कचऱ्यात, कुत्र्यांत आणि वृक्षारोपणाच्या समारंभांत जातो.

ताई : लंगरचं उष्टं उघड्यावर पडलं की कुत्री वाढतात. कुत्री वाढली की बिबट्या वस्तीजवळ येतो, कारण कुत्रं त्याला सोपं. रानडुकरं येतात. मग मला बोलावतात, ताई, बिबट्या पकडा. बिबट्याचं काही चुकलेलं नसतं. कचऱ्याच्या खड्ड्याला झाकण बसवा, कुत्र्यांची नसबंदी करा, असं मी सांगते. पाऊस सुरू झाला की बराकीत घोणस, फुरसं निघतात. नवी मुलं देशभरातून आलेली, त्यांना बिनविषारी धामण आणि विषारी घोणस यांतला फरक ठाऊक नसतो. त्यांना तो शिकवणं हे माझं सगळ्यात उपयोगी काम असेल.

मेजर : ते पटलं. माझ्या कंपनीत एकाला घोणस चावला होता.

ताई : आणि झाडं. प्रत्येक युनिटला पावसाळ्यात झाडं लावायची असतात. जागा कुठली निवडतात? मोकळा सडा, गवताळ माळ, कारण तो रिकामा दिसतो. लावतात काय? गिरीपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गुलमोहर, कारण ती जगतात. सड्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जी इवलीशी फुलं येतात, त्यांच्यावर सावली पडली की ती संपली. चंडोल, धाविक या पक्ष्यांना झाड नकोच असतं. मी साहेबांना म्हणते, सड्यावर एकही झाड लावू नका. ते माझ्याकडं असं बघतात की ही कसली पर्यावरणवाली.

मेजर : झाड लावू नका म्हणणारी बाई मीही आजच बघितली.

ताई : लावा ना. ओढ्याकाठी जांभूळ, उंबर, करंज लावा. जिथं पूर्वी रान होतं तिथं लावा. गवताळ जमीन हेसुद्धा रान आहे, हे आपल्याला उमगत नाही म्हणून माळढोक गेला. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीच. देशात जे थोडे उरलेत ते बहुतेक राजस्थानात. आणि तिथं ते कुठं राहतात? वाळवंट राष्ट्रीय उद्यानात आणि पोखरणच्या फील्ड फायरिंग रेंजमध्ये. जिथं आपण अणुचाचण्या केल्या त्या पोखरणजवळ. त्याचा इंग्लंडातला भाऊबंद, मोठा माळढोक, तिकडं 1832 च्या सुमारास संपला होता. 2004 पासून तो परत आणायचं काम चाललंय ते सॅलिसबरी प्लेनवर, लष्कराच्या सरावाच्या मैदानावर. माळरान जिथं नांगराखाली आणि घरांखाली गेलं नाही अशा जागा उरल्यात त्या फौजेकडं.

मेजर : म्हणजे तुमचं म्हणणं, फौजेनं न ठरवता राखलं.

ताई : हो, आणि माझी भीती तीच आहे. न ठरवता राखलेलं न ठरवताच जातं. एक चांगला कमांडिंग ऑफिसर येतो, पक्ष्यांत रस असतो, दोन-तीन वर्षं सगळं छान चालतं. बदली झाली की फाइल कपाटात. नव्या साहेबाला सड्यावर हेलिपॅड हवं असतं, किंवा क्रीडांगण. ते गैर नाही, त्यांचं कामच आहे ते. पण तिथं काय आहे हे कागदावर नसेल तर हलवायला दुसरी जागा सुचवणार कोण? 2023 मध्ये वन संवर्धनाच्या कायद्यात बदल झाला. सुरक्षेशी संबंधित बांधकामाला 10 हेक्टरपर्यंत वनजमिनीची सूट देता येते. त्याच वर्षी हिमाचलातलं योल कॅन्टोन्मेंट म्हणून संपलं आणि नागरी वस्त्या नगरपालिकांना जोडायचं धोरण सुरू झालं. उद्या एखाद्या हद्दीची रेघ हलली, तर कुंपणाआड काय होतं हे कुणाला सांगता येईल?

मेजर : लिहिलं की वाचलं, असं तुम्हाला वाटतं. मला उलटं वाटतं. लिहिलेलं फुटतं. आज वहीत गेलं की इथं शेकरू आहे, उद्या कुणीतरी बोर्ड लावतो, परवा शेकरू पॉइंट होतो आणि शनिवारी गाड्यांची रांग. राजमाचीच्या काजव्यांचं काय झालं? काजवे आहेत हे सगळ्यांना कळलं आणि मे संपता संपता रात्री अख्खी मुंबई-पुणे डोंगरात. टॉर्च, गाड्यांचे दिवे. काजव्याला अंधार लागतो ना?

ताई : लागतो. तो उजेडानंच जोडीदाराला बोलावतो, दिवे असले की ते बोलावणं दिसतच नाही.

मेजर : मग?

ताई : मग नोंद ठेवायची, ठिकाण जाहीर करायचं नाही. हे मी फौजेकडूनच शिकले. कुणाला काय कळायला हवं तेवढंच सांगायचं.

मेजर हसले. तिथून बोलणं कुरवंड्याच्या घाटाकडं वळलं, कारण मावळातल्या माणसाशी रान आणि फौज या दोन गोष्टी एकत्र बोलायला लागलं की ते तिकडं वळतंच. 1661 च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटानं कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. दोन्ही बाजूंच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांचे मावळे बसले होते. आयएनएस शिवाजी आज त्याच घाटाच्या माथ्याच्या शेजारी आहे.

मेजर : झाडी नसती तर उंबरखिंड झाली नसती. हे आम्हाला रेजिमेंटमध्ये कुणी शिकवावं लागलं नाही.

ताई : आणि पुढं ते लिहूनही ठेवलं गेलं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गडाभोवतीची झाडी राखा, तीतली काठीही तोडू देऊ नका, असं सांगितलंय, आणि कारणही दिलंय: अडचणीच्या वेळी त्या झाडीत बंदूकधारी बसवता यावेत म्हणून. पर्यावरण वगैरे शब्द नाहीत. लढाईसाठीच राखायचं. पण किल्लेदार बदलला तरी हुकूम बदलत नाही, कारण तो कागदावर आहे. मला तेवढंच हवंय, मेजर.

मेजर : आज्ञापत्र झालं. देवराईचं काय? पवन मावळात आजिवलीला वाघजाईची देवराई आहे. भेरली माडांची. तिथं संतरी नाही, तार नाही. देवीचा धाक आणि गावाची बैठक. माडाची माडी कोण काढणार, त्याचे पैसे कुठं जाणार, हे गाव ठरवतं. एवढी वर्षं राखली ना? तुम्ही मागता तो कागद गावाकडं कधीच नव्हता.

ताई : माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं, पश्चिम घाटातल्या देवराया फिरून. ते मी नाकारत नाही. पण किती देवराया राहिल्या? धाक गेला, देऊळ सिमेंटचं झालं, पुढं सभामंडप आला, पार्किंग आलं. गावाच्या आठवणीतही बदल्या होतात, मेजर. म्हातारी माणसं जातात.

मेजर : जातात. माझी आई गेली. रानातल्या किती भाज्या तिला ठाऊक होत्या, मोजल्या नाहीत आम्ही.

ताई : म्हणून म्हणते, लिहूया. कुंपणाच्या आत मी लिहीन. बाहेर तुम्ही लिहा.

मेजर : आत तुम्ही, बाहेर आम्ही. परत तेच. मी सांगतो, आतलंही आमच्याकडंच आहे. कुंपणाआधी तिथं कुठं पाणवठा होता, कुठल्या कपारीत गिधाडं बसायची, पिसोरी कुठल्या झाडीत दिसायची, हे सांगणारी माणसं कुंपणाबाहेर बसलीत. त्यांना आत न्या. महिन्यातून एकदा न्या, पास देऊन न्या, झडती घेऊन न्या. तुमच्या सोबत जवान असतो तसा एक कातकरी असू द्या. त्याला रोजंदारी द्या, पाहुणचार नको. हे होत नसेल तर तुमच्या वहीवर आमचं नाव नको.

ताई : रोजंदारीसकट मान्य आहे. गवताचं अजून मान्य नाही.

मेजर : गवताचं परत भांडू.

इथं ते थांबले. माझं मत सांगायचं तर लिहून ठेवायच्या आग्रहात मी ताईच्या बाजूला आहे आणि कुणी लिहायचं या प्रश्नात मेजरांच्या. कुंपणानं रान वाचवलं ही गोष्ट खरी आहे, आणि त्या कुंपणाची किंमत बाहेरच्या गावांनी दिली हीसुद्धा. ज्यानं किंमत दिली त्याचं नाव नोंदीत असणं हा उपकार नव्हे. गवताच्या विळ्याबद्दल मात्र ताईनं हट्ट सोडावा असं मला वाटतं. योग्य आठवड्यात, ओळखीच्या हातांनी कापलेलं गवत वणव्याला जागा देत नाही, आणि कुंपणाशी गावाचं नातं पुन्हा जोडायला याहून सोपं काम दुसरं नाही. फौजेला हे जमणार नाही असं म्हणता येत नाही. 1982 पासून टेरिटोरियल आर्मीच्या पर्यावरण बटालियन उजाड डोंगर हिरवे करत आल्या आहेत, त्यातली एक महार रेजिमेंटची बटालियन मराठवाड्यात काम करते. झाडं लावण्याची शिस्त ज्यांनी दाखवली त्यांना झाडं न लावण्याची, मोजण्याची आणि शेजाऱ्याला विचारण्याची शिस्तही जमेल.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. मावळात ज्यांच्या शेताचा बांध लष्करी हद्दीला लागतो त्यांना माझी विनंती आहे: आपल्या गावच्या नोंदवहीत कुंपणापलीकडचं रानही लिहायला लावा. ओढ्याचं जुनं नाव, चराईची वाट, पाणवठा, कुठला प्राणी कुठं दिसायचा आणि कुंपण कुठल्या साली पडलं, हे ज्यांना आठवतं त्यांच्याकडून यंदाच लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत तळाच्या प्रमुखाकडं पोच घेऊन द्या.